रक्तातला चुलतभाऊ

आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा शेत भावाला गेलं आणि वडिलांचा राग मला आला, असं माय सांगते. खोटं नाही. भाऊ माझ्याहून बराच लहान आणि स्वभावाने इतका गार, की शेजाऱ्याने बांध कोरला तरी "जाऊ द्या आक्का, मातीच हाय, जाऊन जाऊन कुटं जाईल" म्हणणारा. मी लग्न होऊन अंबाजोगाईला आले, शिवणकामाचं दुकान टाकलं, केस पिकले, तरी माझा राग अजून कोरा करकरीत आहे. ब्लाऊज सैल झाला म्हणून कुणी परत आणला, तर मी आधी तिलाच विचारते, तू वजन कुणाला विचारून कमी केलंस?

तर अशा या गार भावाचं लग्न जमत नव्हतं. त्यात त्याचा गुन्हा एवढाच, की तो शेती करत होता आणि ते लपवत नव्हता. माहेर घाटनांदूरच्या अलीकडे. विहिरीला पाणी, दावणीला जनावरं, वांग्या-टमाट्याचं बरं उत्पन्न. पण आमच्या भागात हल्ली मुलीवाल्यांची अट मोठी गमतीची असते. मुलाच्या नावावर शेत पाहिजे, पण मुलगा शेतात नको. पुण्यात कुणाच्या तरी कंपनीत दिवसभर उभा राहणारा चालतो, स्वतःच्या वांग्यात उभा राहणारा चालत नाही. पाहुणे यायचे, पोहे खायचे, शेत बघून माना डोलवायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. शेवटी माय म्हणाली, "आपुन पोहं तरी बदलून बगू."

पोहे बदलायच्या आधीच नांदूरघाटकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील ती लहान असतानाच गेलेले, आई आणि ती मामांच्या घरी राहिलेल्या. मामांनीच शिकवलं, मामाच सगळं बघणार. मुलगी बी.ए. झालेली आणि बोलायला मोकळी. दाखवायच्या कार्यक्रमात तिने भावाला विचारलं, "तुमच्या वांग्याला शेंडेअळी न्हाई लागत का?" झालं. भाऊ जो सुटला तो अळीच्या अंड्यापासून पाकोळीपर्यंत सगळं सांगत बसला. मी खालून त्याच्या पायाला पाय लावत होते आणि तो पाय बाजूला घेऊन बोलत होता. मला वाटलं, हेही स्थळ गेलं. पण मुलगी हसत होती आणि पुढचं विचारत होती. घरी गेल्यावर तिने हो म्हणून कळवलं.

राहिले मामा. काटक अंग, पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा आणि जगात कुणावर विश्वास नाही. आमच्याकडे आले तेव्हा विहिरीत दगड टाकून पाणी किती खोल आहे ते बघितलं. म्हशीच्या तोंडात हात घालून दात बघितले. भावाला म्हणाले, "पाव्हणं, सातबारा दावा," आणि दाखवल्यावर म्हणाले, "ह्यो मी तलाठ्याकडून बगितलेला हाय. तुमच्याकडचा जुळतो का, एवडंच बगायचं व्हतं." मला तेव्हाच काहीतरी बोलायचं होतं, पण मायने डोळे वटारले. कुंकू लागलं, साडी-टोपी झाली. सुपारी फोडून लग्न पक्कं करायचा दिवस तेवढा ठरायचा राहिला.

त्याच सुमारास गावात फवारणी करणाऱ्या लोकांसाठी रक्त तपासायचं शिबिर झालं. भाऊ गेलाच. कारण फवारणीत त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही. आमच्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. पाठीवर बॅटरीचा पंप घेऊन भाऊ ओळीतून निघाला की पानाची खालची बाजूसुद्धा सारखी भिजते. त्यामुळे स्वतःचं झालं की चुलत्याचं, चुलत्याचं झालं की दोस्ताचं. "तुझ्यावाणी कुणाला जमत न्हाई बे," एवढं म्हटलं की हा पंप उचलायचा.

दोन-चार दिवसांनी सगळ्यांचे रिपोर्ट मोबाईलवर आले. मारुतीच्या पारावर बसून गड्यांनी आपापले आकडे ताडून बघितले. कुणाचा आठ हजार, कुणाचा नऊ हजार. भावाचा तीन हजाराच्याही आत. गावात सगळ्यात कमी. आता आपल्या लोकांना तपासणी म्हणजे शुगर आणि बीपी ठाऊक. शुगर कमी आली की माणूस खुशीत येऊन पेढा खातो. कमी म्हणजे चांगलं, हा हिशोब पक्का. किती ते किती असावा हे शेजारी बारीक इंग्रजी अक्षरात छापलेलं होतं, पण जिंकल्यावर बारीक अक्षरं कोण वाचतो? भावाने रिपोर्टचा फोटो काढला, त्याला दोन दंड फुगवलेली चित्रं लावली आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, "गावात सगळ्यात कमी आपला. एकदम फिट हाय." ते कुणी बघावं म्हणून ठेवलं होतं ते वेगळं सांगायला नको.

तिने बघितलं की नाही माहीत नाही. मामांनी बघितलं.

मी दुकानात काज-बटण करत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. आधी पावसाचं विचारलं, मग माझ्या मिस्टरांच्या तब्येतीचं. मी ओळखलं, काहीतरी आहे.

"ताई, एक इचारू का? राग मानू नका. पाव्हणं घेतेत का?"

"काय घेतात?"

"न्हाई, म्हंजे थोडं थोडं आजकाल समदेच घेतेत. पर लिव्हर जायपर्यंत घ्यावं का माणसानं?"

मामांनी तो फोटो त्यांच्याकडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवला होता. तो म्हणाला, ही लिव्हर नीट चालतंय का बघायची तपासणी असते, आणि आकडा एवढा कमी म्हणजे लिव्हर ढिलं. आमच्या भागात लिव्हर आणि दारू यांचं लग्न कधीच लागलेलं आहे. लिव्हर बिघडलं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. मामा शांतपणे म्हणाले, "पोरीला बाप न्हाई. मला घाई करून चालत न्हाई. सुपारीचं जरा थांबू." आणि फोन ठेवला.

मला इतका संताप आला की मी हातातल्या ब्लाऊजला बटणं उलट्या बाजूने लावली. संताप मामांचा आला, त्या कंपाउंडरचा आला, आणि सगळ्यात जास्त आला आमच्या या फिट भावाचा. ज्याने आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा मायला विचारून फोडली, त्याला गाव पिणारा म्हणणार! दुपारची गाडी धरून मी माहेरी गेले.

मी पोचायच्या आत मायला बातमी लागलेली होती. अंगणात भाऊ उकिडवा बसला होता आणि माय त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभी.

"तोंड उगड."

भावाने तोंड उघडलं. मायने वास घेतला.

"कायबी वास न्हाई. म्हंजे इलायची खातंय."

"माय, कावून असं करायलीस? देवाशपथ, थेंब घेतला न्हाई मी."

माय गोठ्यात गेली आणि आढ्याला खोचलेली दारूची रिकामी क्वार्टर घेऊन आली. ती तिने अशी वर धरली की मलाही क्षणभर घाम फुटला. भाऊ हसायला लागला. म्हणाला, "अगं, ही बैलाला पोटफुगीवर तेल पाजायची बाटली. तूच आणायला लावलतीस, नळी बारीक हाय म्हणून." मायला आठवलं. पण हातात पुरावा आल्यावर तो सोडायचा कसा? मग म्हणाली, "बैलाचं लिव्हर बगा मग."

मी भावाला तसाच अंबाजोगाईला घेऊन आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्या डॉक्टरबाई बसतात, त्यांचे ब्लाऊज मीच शिवते, त्यामुळे त्या मला जरा वचकून असतात. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाई, हा पितो का नाही ते सांगा, आणि लिहून द्या."

बाईंनी रिपोर्ट बघितला, भावाकडे बघितलं आणि मला बसायला सांगितलं. या तपासणीचं नाव कोलिनेस्टरेज. मला ते नीट म्हणता यायला आठवडा लागला. बाईंनी भावाला विचारलं, "शेतातली मोटार चालू कोण करतं?"

"मीच करतो की."

"आणि बंद?"

"मीच."

"समजा चालू केली आणि बंद करायला कुणीच आलं नाही तर?"

"पाणी शेतातून रस्त्यावर जाईल. मोटारबी जळल."

"तेच शरीरात आहे," बाई म्हणाल्या. मेंदू सांगतो तेव्हा हाताचा स्नायू आखडतो. तोंडाला पाणी सुटतं, आतडी हलतात. म्हणजे मोटार चालू होते. काम झालं की ती बंद करणारा एक पदार्थ नसांच्या टोकाशी बसलेला असतो. काही जातींची कीटकनाशकं नेमकी त्यालाच धरून ठेवतात. अळीचंही तेच होतं आणि माणसाचंही तेच. मग मोटारी चालूच राहतात. घाम येतो, लाळ सुटते, डोकं धरतं, नजर पुसट होते, पोटात कळा येतात. फार झालं तर श्वासावर येतं.

"पण नसांच्या टोकाशी सुई घालून तो मोजता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्याचा एक चुलतभाऊ आहे. तो लिव्हरमध्ये तयार होतो आणि रक्तात फिरत असतो. औषध घरच्या भावाला धरतं तसं यालाही धरतं. हा रक्तात सापडतो, म्हणून आम्ही याला मोजतो आणि त्याच्यावरून घरच्या भावाची खबर काढतो."

मी म्हणाले, "म्हणजे सोयरिकीला करतात तसंच. मुलगा भेटत नाही, तर त्याच्या चुलतभावाला विचारायचं."

"तसंच. आणि जसं सोयरिकीत होतं तसं इथंही एकाच्या बोलण्यावर निकाल द्यायचा नसतो." चुलतभाऊ कमी दिसायची कारणं दोन-तीन असतात, असं त्यांनी सांगितलं. लिव्हर बिघडलेलं असेल तर तो तयारच कमी होतो. कंपाउंडर म्हणाला ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. काही घराण्यांत तो जन्मापासूनच कमी असतो, आणि तसं असेल तर ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगावं लागतं. किंवा लिव्हर ठणठणीत असतं, तो भरपूर तयार होतो, पण औषधाने त्याला धरलेलं असतं. यातलं कुठलं, हे कळायला लिव्हरच्या बाकीच्या तपासण्या करायच्या आणि फवारणी पूर्ण थांबवून काही आठवड्यांनी हाच आकडा परत बघायचा. औषधाने धरलं असेल तर तो वर येतो.

मग त्या भावाला एकेक विचारायला लागल्या, आणि मला जे ऐकू यायला लागलं त्याने माझा राग कुठल्या कुठे गेला. फवारणीच्या दिवशी डोकं धरतं का? धरतं, पण ते उन्हाने. तोंडाला पाणी सुटतं? सुटतं, तंबाखू सोडल्यापासून. मोबाईलची अक्षरं पुसट दिसतात? दिसतात, म्हणून तो संध्याकाळी मोबाईल मोठ्या अक्षरावर करतो. आणि यावर उपाय काय करतोस? "माय मीठ-मोहरी उतरवून टाकती. सकाळपातूर बरं वाटतं."

नोझलमध्ये कचरा अडकला की काय करतोस? तोंडाने फुंकतो. सगळेच फुंकतात.

"कपडे?"

इथे मीच बोलले, कारण हे मला माहीत होतं. आमच्याकडे फवारणीचा ड्रेस वेगळा असतो. जुनी पँट, जुना शर्ट, डोक्याला फडकं. तो घरात आणायचा नाही, ही मायची सक्त ताकीद. विहिरीवरच्या कडुनिंबाला खिळा ठोकलेला, त्यावर तो टांगायचा. धुवायचा नाही. धुतला तर त्याचं पाणी बादलीला लागेल, दगडाला लागेल, बाकीच्या कपड्यांना लागेल. आणि उद्या परत भिजायचाच आहे, मग रोज कशाला धुवायचा? पोळ्याच्या आधी टांगलेला ड्रेस थेट दिवाळीत जाळायचा. गावात सगळ्यांच्या विहिरीवर असे ड्रेस टांगलेले असतात. हे मी अभिमानाने सांगत होते, आमची माय किती स्वच्छतेची आहे ते कळावं म्हणून.

भावाने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आक्का, तेच वाळलेलं औषद मी रोज सकाळी अंगात घालतो." घरातल्या देवांपासून, धान्यापासून, म्हशीपासून आम्ही ते औषध जपून लांब ठेवलं होतं. ज्याच्या अंगाला ते चिकटत होतं तो तेवढा राहिला होता.

लिव्हरच्या बाकी सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मी ते कागद मामांना पाठवले आणि फोन केला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद काय ताई, कागद कसाबी निगतो. तुमच्या बाई म्हणतेत ना, थांबल्यावर वर येतो म्हणून? दीड म्हैना थांबा. मग मी सांगतो त्या लॅबमदी, माझ्यासमोर रगत द्या. वर आला तर सुपारी. न्हाई आला तर राम राम."

मी फोनवरच काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात भावाने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "बराबर हाय मामा. येतो." मला म्हणाला, "आक्का, त्यांची पोरगी हाय. मी असतो तर मीबी हेच केलं असतं." असा गार माणूस! मी मात्र त्या दिवसापासून मामांना ऐकवायची वाक्यं मनात रचून ठेवायला लागले. मशीन चालवता चालवता एकेक सुचायचं. काही वाक्यं इतकी चांगली जमली होती की एकटीच हसायचे.

तो दीड महिना घरात मजेचा गेला. ऐन हंगामात भावाने पंपाला हात लावायचा नाही, म्हणून वांग्याची राखण मायने घेतली. ती आणि भाऊ सकाळी सकाळी ओळीतून फिरून सुकलेले शेंडे खुडायचे, कारण अळी शेंड्यात बसलेली असते. मध्ये मध्ये पाकोळ्या धरायचे सापळे लावले. माय बादलीभर शेंडे घेऊन यायची आणि प्रत्येक अळीला शिव्या घालायची, "तुझ्यापायी माझ्या लेकाचं लगीन अडलंय." गडी येऊन विचारायचे, "आमचं औषद कोण मारणार बे आता?" भाऊ त्यांना पारावर बसवून मोटार आणि चुलतभाऊ समजावून सांगायचा. आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडायचा नसतो, हेही तो सांगायचा. बाईंनी त्याला बजावलं होतं, की प्रत्येकाचा आकडा जन्माने वेगळा असतो. फवारणीच्या आधी आपला किती होता आणि नंतर किती झाला, हेच बघायचं. पारावर हे पटायला वेळ लागला. स्वतःशी ताडायचं म्हटल्यावर त्यात जिंकायचं कुणी?

मी त्याला फवारणीचे दोन ड्रेस शिवले. जाड कापड, पूर्ण बाह्या, गळ्याला बटण. एक अंगावर, एक धुवायला, आणि धुवायला वेगळी बादली. शिवताना मला रडू आलं, ते मी मशीनच्या आवाजात उरकून घेतलं. एवढा मोठा गडी, रोज डोकं धरून झोपायचा, आणि आम्ही त्याच्यावरून मोहऱ्या उतरवत होतो.

ती मुलगी रोज फोन करायची. "आज औषदाला हात लावला का?" भाऊ म्हणायचा, "न्हाई." "अंघोळ केली का?" "केली." मी माहेरी गेले की एवढंच बोलणं मला ऐकू यायचं, पुढचं बोलायला तो विहिरीकडे जायचा.

ठरलेल्या दिवशी आम्ही केजला गेलो. लॅब मामांनी शोधलेली, तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही याची आधी खात्री केलेली. मामा आणि ती आमच्या आधीच येऊन बसले होते. भावाच्या दंडाला पट्टा बांधला, सुई गेली, तोवर मामा त्याच्या कोपरापाशी वाकून बघत होते. रक्त नळीत आल्यावर नळीवर नाव लिहिलं का, ते चष्मा वर करून, मग खाली करून वाचलं. मला म्हणाले, "चष्म्याचा नंबर लई वाढलाय. यंदा दोनदा बदलला, तरी पुसटच."

तेव्हा मुलगी म्हणाली, "मामा, तुमीबी द्या रगत."

"मला काय धाड भरलीय?"

"डाळिंबाची बाग कोण फवारतं? गड्यावर इस्वास न्हाई म्हणून समदी तुमीच. अन् तेबी बनियनवर, शर्ट खराब व्हतो म्हणून."

मामा माझ्याकडे बघून हसले. "घ्या, माजंबी घ्या," लॅबवाल्यापुढे हात करत ते म्हणाले. "न पिणाऱ्याचं रगत कसं असतं ते पाव्हण्यांस्नी कळू तरी द्या." माझी सगळी रचलेली वाक्यं ओठापर्यंत आली होती. भावाने माझ्या पायाला पाय लावला.

निकालाला दुपार होणार होती. आम्ही समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली. मामांनी तेल कुठलं ते आधी आत जाऊन बघितलं. भावाला भजी जात नव्हती. तो मुलीकडे बघायचा, मुलगी लॅबच्या दाराकडे बघायची. एकदाचं आम्हाला बोलावलं. भावाचा आकडा पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त वर, पाहिजे त्या मापात. मुलीने "आला!" म्हणून टाळी वाजवली आणि लगेच लाजून पदर सारखा केला.

मग मामांचा कागद आला. बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येईनात म्हणून त्यांनी तो मुलीकडे दिला. तिने बघितला आणि भावाकडे दिला. मी भावाच्या खांद्यावरून बघितलं. शिबिरात भावाचा जो आकडा आला होता, त्याच्याही खाली.

"किती हाय?" मामांनी विचारलं. भावाने सांगितलं. मामा बाकावर बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली. आयुष्यात कुणाचं काही खरं न मानणारा माणूस, पण "कागद कसाबी निगतो" असं काही म्हणाला नाही. रक्त त्यांच्याच समोर काढलेलं, नळीवरचं नाव त्यांनीच वाचलेलं.

दीड महिना मी याच घटकेची वाट बघत होते. पहिलं वाक्य तयार होतं. तेवढ्यात मामांनी वर बघितलं आणि लॅबवाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "ताई, एक करा. कुणाला सांगू नका. लोक म्हणतील, पितो."

माझं एकही वाक्य मला आठवेना. त्या माणसाच्या डोळ्यांत मी जे बघितलं, ते दीड महिन्यापूर्वी अंगणात उकिडव्या बसलेल्या माझ्या भावाच्या डोळ्यांत बघितलेलं होतं. मी म्हणाले, "कोण म्हणतंय ते मला सांगा मामा. मी बघते त्याच्याकडं." आणि हे मी अगदी रागाने म्हणाले. मुलगी रडता रडता हसली.

भाऊ मामांच्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, "डोकं धरतं का मामा? तोंडाला पाणी?" मामा होकाराची मान हलवत होते. "मग ते उन्हानं न्हाई. चष्म्यानंबी न्हाई. चला, लिव्हरच्या तपासण्या करून घिऊ, म्हंजे मनात राह्याला नको. बाग मी बगतो, तुमी दीड म्हैना पंपाला हात लावू नका. माजे दोन ड्रेस हायेत, तुमच्या मापाचे आक्का शिवल." त्याने मामांची टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. मग जीप करून आम्ही सगळे तसेच अंबाजोगाईला आलो. वाटेत सुपारीचं कुणीच काढलं नाही. काढायचं कुणी, हाच प्रश्न होता. मामांचा चेहरा बघून मलाही धीर होईना.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर एक नर्स नावं लिहून घेते. तिने मामांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. मग पेन वर करून विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे? नातं काय?"

मी पुढे झाले. काय नातं सांगावं ते पटकन सुचेना. सुपारी तर फुटलेली नव्हती. मी "आमचे ओळखीचे" म्हणायला तोंड उघडलं, तोच मामांनी भावाच्या दंडाला धरून त्याला टेबलापुढे ओढलं.

"जावई हाय," ते म्हणाले. "लिव्हा. जावई."

भाऊ लाजून लालेलाल झाला आणि कुणी मागितलेलं नसताना खिशातून आधारकार्ड काढून त्या नर्सपुढे धरून उभा राहिला.